एअरो एक्टर आणि स्पीड ग्राफिक: डोळ्यांवर केलेला फोकस कानावर का जातो?

डोळ्यांवर फोकस केला होता. काळ्या कापडाखाली भिंग लावून, पापण्यांचे केस सुटे दिसेपर्यंत. फिल्म धुऊन वाळत घातली तेव्हा मावशीच्या कानातल्या कुडीचा मोती न् मोती मोजता येत होता आणि डोळे मात्र धुक्यात. मी दुसरी फिल्म काढली, तिसरी काढली. दर वेळी कुडीच.

तेव्हा मी लेन्सला दोष दिला, तिची पुढची रिंग उघडायलाही घेतली होती. दोष लेन्समध्ये नव्हताच. मागची घासलेली काच, म्हणजे जिच्यावर चित्र बघून फोकस करतात आणि मग जिच्या जागी फिल्म येते ती, कुणीतरी पुसायला काढून उलटी बसवली होती. त्यानंतर याच जोडीचे, म्हणजे कोडॅक एअरो एक्टर १७८ मिमी एफ २.५ लेन्स आणि चार बाय पाच इंची फिल्मच्या स्पीड ग्राफिकचे, बरेच कॅमेरे माझ्या टेबलावर येऊन गेले. तक्रार जवळजवळ प्रत्येकाची हीच: काचेवर दिसतं एक आणि फिल्मवर येतं दुसरं. आणि बहुतेकांचा दोष कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, काच आणि फिल्म यांच्यातल्या अर्ध्या-एक मिलिमीटरमध्ये निघाला. म्हणून कळकळीनं सांगते, खालच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत लेन्सला पेचकस लावू नका.

ही जोडी इतकी नाजूक का

एअरो एक्टर ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रॉचेस्टरला बनलेली लेन्स. अमेरिकी विमानांतल्या के-२४ सारख्या टेहळणी कॅमेऱ्यांत ती असायची आणि पाच बाय पाच इंचांच्या फिल्मवर हजारो फूट खालची जमीन टिपायची. कोडॅकनं तेव्हा लेन्सच्या क्रमांकाआधी दोन अक्षरांत वर्ष लिहिलं. ‘कॅमेरॉसिटी’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली (CAMEROSITY) दहा अक्षरं म्हणजे क्रमानं १ ते ९ आणि ०. तुमच्या लेन्सवर ‘ईई’ असेल तर ती १९४४ ची. तिच्यात शटर नाही, फक्त उजेड कमी-जास्त करणारी पडदी आहे. म्हणून ती स्पीड ग्राफिकवर बसवतात, कारण त्या कॅमेऱ्याच्या पोटातच कापडी पडद्याचं शटर आहे, १/१००० सेकंदापर्यंतचं. स्पीड ग्राफिक बनवणारी ग्राफ्लेक्स कंपनीही रॉचेस्टरचीच. छायाचित्रकार डेव्हिड बर्नेट यांनी २००४ ची अमेरिकी अध्यक्षीय निवडणूक या जोडीनं टिपली आणि मग जगभर लोक या लेन्सच्या मागे लागले.

आता आकडे बघा. माणूस दोन मीटरवर बसलाय आणि पडदी पूर्ण उघडी आहे. अशा वेळी समोर ज्या पट्ट्यात सगळं नीट दिसतं त्याची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर. दीड मीटरवर आलात तर तीनच. डोळा आणि कान यांच्यातलं अंतर याहून जास्त आहे. आणि मागच्या बाजूला काय होतं, तर दोन मीटरवर फोकस करताना काच आणि फिल्म यांच्या जागेत अर्धा मिलिमीटर फरक असला की समोर पाच सेंटिमीटरची चूक होते. एक मिलिमीटर चुकलं तर दहा. एफ ८ ला, म्हणजे पडदी बरीच मिटवून, वापरायच्या नेहमीच्या लेन्समध्ये हा अर्धा मिलिमीटर झाकला जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच ‘दुसऱ्या लेन्सनं तर फोटो नीट येतात’ यावरून कॅमेरा निर्दोष ठरत नाही.

आधी लक्षणं ओळखा

यासाठी नऊ काडेपेट्या लागतील. पेट्यांवर १ ते ९ आकडे ठळक लिहा आणि त्या टेबलावर तिरक्या ओळीत उभ्या करा. प्रत्येक पेटी आधीच्या पेटीपेक्षा बरोबर तीन सेंटिमीटर मागे आणि थोडी बाजूला, म्हणजे एकीच्या आड दुसरी जाणार नाही. कॅमेरा पेट्यांच्याच उंचीवर, दोन मीटरवर, तिकाटण्यावर. पडदी पूर्ण उघडी ठेवून ५ नंबरच्या पेटीवर फोकस करा आणि फोटो काढा.

महागडी फिल्म वाया घालवू नका. एक्स-रे फिल्म कापून वापरा, तिची जाडी शीट फिल्मच्या जवळपास असते आणि लाल दिव्यात ट्रेमध्ये धुता येते. आठ बाय दहाच्या एका शीटचे चार तुकडे होतात, फक्त ते होल्डरच्या, म्हणजे फिल्म भरून कॅमेऱ्यामागे सरकवायच्या चपट्या डबीच्या, खाचेत सरकतील इतके किंचित लहान कापा. दोन्ही बाजूंना इमल्शन, म्हणजे चित्र उमटणारा थर, असतो, धुताना ओरखडे पडतात, पण आकडे वाचण्यापुरतं चालतं. घरात ब्रोमाइड पेपर पडला असेल तर तोही चालेल.

या मांडणीत एक पेटी म्हणजे काचेपाशी साधारण ०.३ मिलिमीटर, हे कुठेतरी लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

– ६ ते ९ मधली एखादी पेटी स्पष्ट आली, म्हणजे फोकस मागे गेला: काच फिल्मपेक्षा लेन्सपासून लांब आहे.
– १ ते ४ मधली आली, म्हणजे फोकस पुढे आला: काच लेन्सच्या जास्त जवळ आहे.
– दर फोटोत वेगळीच पेटी स्पष्ट येते: फोकस केल्यावर काहीतरी हलतंय.
– एकही पेटी नीट येत नाही, सगळंच साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारखं: इथे मात्र लेन्सकडे बोट जातं, पण तेही शेवटी.

एका फोटोवर निकाल देऊ नका. एकाच होल्डरनं तीन, दुसऱ्या होल्डरनं तीन, असे सहा तरी काढा.

फुकटातल्या तपासण्या

भिंगापासून सुरुवात करा. काचेला डोळा लावून नुसतं पाहिलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीचा फोकसही बरोबर वाटतो. चारपट भिंग काचेवर टेका आणि काचेचा घासलेला कण न् कण दिसेपर्यंत भिंगाचा फोकस जुळवा. चाळिशीचा चश्मा असेल तर तो लावून किंवा काढून, पण दर वेळी तसाच. काचेच्या बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठावर भिंग जुळलं असेल तर चित्र कधीच पक्कं बसणार नाही.

त्यानंतर कुलपं, म्हणजे फोकसच्या रुळाचं कुलूप आणि फ्रंट स्टँडर्डची, म्हणजे लेन्स धरणाऱ्या पुढच्या चौकटीची, खिट्टी. एअरो एक्टरचं वजन किलोपेक्षा बरंच जास्त आहे आणि स्पीड ग्राफिकची पुढची चौकट असलं ओझं पेलायला बनवलेली नाही. कॅमेरा थोडा खाली झुकवला की लेन्स रूळासकट हळूच पुढे घसरते. तपासायला सोपं आहे. फोकस करा, कुलूप लावा, रिकामा होल्डर घाला, डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) ओढा, परत लावा, होल्डर काढा आणि पुन्हा काचेवर बघा. ५ नंबरची पेटी अजून स्पष्ट आहे का? नसेल तर तुमचा दोष सापडला. स्पष्ट असेल तरी हे तीनदा करा, कारण होल्डर घालताना हाताचा जोर दर वेळी सारखा नसतो.

समोरचं माणूसही हलतं, आणि हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. फोकस करून, होल्डर घालून, शटर ताणून, डार्क स्लाइड ओढेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढ्यात श्वासानं आणि कंटाळ्यानं डोकं तीन सेंटिमीटर पुढे-मागे होतंच. मी कॅमेऱ्याला एक दोरा बांधते आणि त्याला फोकसच्या अंतरावर गाठ मारते. फोकस झाला की गाठ हनुवटीला लावून बघायची, शटर दाबण्याच्या क्षणापूर्वी परत लावायची, मग दोरा सोडून द्यायचा. मावशीला पाठ टेकायला खुर्ची दिली आणि मानेमागे घडी केलेली चादर, तेव्हा तिची मान स्थिर झाली. स्टुलावर बसवून या लेन्सनं माणसाचा फोटो काढू नका.

पेट्यांच्या चाचणीत फोकस बरोबर आणि माणसांच्या फोटोत चुकतो, असं असेल तर इथेच थांबा. कॅमेरा ठीक आहे.

होल्डर

फिल्म होल्डरच्या तळाला नीट बसलेली नसेल तर ती अधांतरी असते आणि मध्येच किंचित फुगते. होल्डर घालण्याआधी तो उभा धरून तळहातावर हलकेच आपटा, फिल्म खाली बसते. जुने लाकडी होल्डर असतील तर बाजूला ठेवा आणि चांगल्या प्लॅस्टिकच्या होल्डरनं चाचणी करा. चार बाय पाचच्या होल्डरची खोली प्रमाणित आहे: काठापासून फिल्मखालच्या पत्र्यापर्यंत ०.१९७ इंच, म्हणजे पाच मिलिमीटर. पण त्यातही ०.००७ इंचांची सूट आहे आणि तेवढ्यानं या लेन्सला अर्ध्या पेटीचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक होल्डरवर नंबर टाका आणि चाचणीच्या फोटोवर तोच नंबर लिहा. एकच होल्डर चुकत असेल तर तो एफ ८ च्या लेन्ससाठी वेगळा काढा, कॅमेऱ्याला हात लावू नका.

होल्डर कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीला सगळीकडे चिकटून बसतो का, हेही बघा. कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांत अडकवा आणि एकेक ओढा. एखादी सुळकन् निघून आली तर त्या बाजूला फट आहे. हीच परीक्षा काचेच्या पॅनेलची पण घ्या. स्प्रिंगा सैल पडलेल्या असतात, कधी चौकटीत जुना रंग किंवा फोमचा चिकट थर साठलेला असतो. तो लाकडी काडीनं काढा. धातूनं खरवडू नका, ती चौकट हेच सगळ्या मोजमापाचं मूळ आहे.

काच उलटी आहे का

याला दोन मिनिटं लागतात आणि माझ्याकडे आलेल्या कॅमेऱ्यांत, माणसाची हालचाल सोडली तर, दोष इथेच सर्वाधिक वेळा सापडला. काचेची खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, चकचकीत बाजू तुमच्याकडे. बल्बखाली तिरकी धरली की कळतं: जी बाजू बल्बचं प्रतिबिंब दाखवत नाही ती खरखरीत. शंका असेल तर कोपऱ्यात नखानं हलकेच घासा, आवाजच वेगळा येतो.

उलट्या काचेमुळे फोकस मागेच का जातो? चित्र खरखरीत पृष्ठावर उमटतं. काच उलटी झाली की ते पृष्ठ काचेच्या जाडीइतकं मागे जातं. प्रकाश काचेतून जाताना चित्रही थोडं मागे सरकतं, जाडीच्या साधारण एक तृतीयांश. वजाबाकी करा, दोन तृतीयांश उरतात. काच १.६ मिलिमीटर जाड असेल तर चूक एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे दोन मीटरवर दहा सेंटिमीटर. डोळ्यांवरून थेट कुडीवर.

काढताना काचेच्या कडा धरा आणि बसवताना क्लिपांचे स्क्रू एकदम आवळू नका. चारही थोडे थोडे, आळीपाळीनं. ही जुनी काच कोपऱ्यातून पटकन तडकते.

फ्रेनेलचा घोळ

ग्राफ्लेक्सच्या बऱ्याच पॅनेलमध्ये काचेबरोबर प्लॅस्टिकची फ्रेनेल असते, वर्तुळांच्या बारीक खाचा असलेला पत्रा. ती एक्टालाइट या नावानं ओळखली जायची. चित्राचे कोपरे उजळ दिसावेत म्हणून ती असते. ग्राफ्लेक्सनं ती काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला बसवली आणि पॅनेलची मापं तिला धरूनच केली. म्हणजे ती काढली की मापं बिघडली.

मला भेटलेल्या एका कॅमेऱ्यात विकणाऱ्यानं फ्रेनेल पिवळी पडली म्हणून काढून टाकली होती आणि काच तिच्या जागी पुढे सरकवून आवळली होती. दीड मिलिमीटरची फ्रेनेल गेली, काच तेवढीच पुढे आली, त्यातला एक तृतीयांश फ्रेनेलच्या प्रकाशवळणाचा हिशेब वजा, आणि काच खऱ्या जागेपेक्षा एक मिलिमीटरनं लेन्सच्या जवळ. फोटोत नाक सोडून त्याच्याही पुढची हवा फोकसमध्ये. त्या कॅमेऱ्याच्या मालकानं दोन वर्षं असं समजून काढली की एअरो एक्टर जवळून मऊच असते.

याच्या उलटही होतं. मुळात फ्रेनेल नसलेल्या पॅनेलमध्ये कुणी हौसेनं ती काचेच्या पुढे घालतं, मग काच मागे ढकलली जाते आणि फोकस मागे. काचेच्या मागे, म्हणजे तुमच्या डोळ्याच्या बाजूला फ्रेनेल ठेवली तर मात्र फोकसला काहीही होत नाही. नवी फ्रेनेल घालायचीच असेल तर तिथेच घाला.

आइस्क्रीमची काडी आणि एक स्क्रू

काच सुलटी आहे, पुढे फ्रेनेल नाही, होल्डर ठीक आहेत, तरीही ३ किंवा ७ नंबरचीच पेटी स्पष्ट येते. आता मोजायला हवं. व्हर्निअरच्या खोलीच्या दांड्यानं मोजता येतं. काच चौकटीपासून ४.८ मिलिमीटरवर हवी, होल्डरच्या पाच मिलिमीटरमधून फिल्मची जाडी वजा करून. पण व्हर्निअर तिरका धरला तर आकडा फसवतो. मला याहून साधी युक्ती जास्त भरवशाची वाटते.

चौकटीच्या दोन्ही काठांवर टेकेल अशी लांब, सरळ लाकडी पट्टी घ्या. छोट्या कॅमेऱ्याला आइस्क्रीमची काडी पुरते, चार बाय पाचला जाड फूटपट्टी बरी. तिच्या मधोमध एक लहान स्क्रू आरपार बसवा आणि टोक कानसीनं गुळगुळीत करा. होल्डरमध्ये एक निकामी फिल्म भरा, डार्क स्लाइड काढा, पट्टी होल्डरच्या काठांवर आडवी ठेवा आणि स्क्रू इतका फिरवा की टोक फिल्मला जेमतेम शिवेल. हलवून बघा: पट्टी डोलत असेल तर स्क्रू जास्त खाली गेला, टोकाखालून सिगारेटचा पातळ कागद सरकत असेल तर कमी.

आता तीच पट्टी, स्क्रूला हात न लावता, काचेच्या पॅनेलच्या आतल्या चौकटीवर ठेवा. टोक काचेला तसंच शिवलं पाहिजे. पट्टी डोलली तर काच वर आलीय, म्हणजे लेन्सच्या जवळ. फट राहिली तर काच खोल गेलीय. मध्ये आणि चारही कोपऱ्यांकडे बघा. एका कोपऱ्यात डोलते आणि दुसऱ्यात फट दिसते असं असेल तर काच तिरकी बसलीय, बहुतेक वेळा क्लिपखालच्या मळामुळे.

काच लेन्सच्या जवळ असेल तर तिच्या कडेखाली पॅकिंग घालून मागे घेता येते. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एका पेटीच्या चुकीला तीन थर. कागद फक्त चाचणीपुरता. पावसाळ्यात तो ओल धरून फुगतो आणि दिवाळीला परत आक्रसतो. हिशेब बरोबर बसला की त्याच जाडीच्या पितळी शिमच्या (पातळ पत्र्याच्या) पट्ट्या कापून घाला.

काच खोल असेल तर कुणीतरी आधी घातलेलं पॅकिंग आहे का ते शोधा आणि काढा. पॅकिंग नाहीच आणि काच तरीही खोल, तर पॅनेलची चौकट घासायचा मोह आवरा. घासलेलं परत येत नाही. इथे कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे जा.

पुढची बाजू: लेन्सचा भार

पेट्या बरोबर येतात, पण माणसाच्या फोटोत डोळे ठीक असताना खांद्याची एक बाजू तीक्ष्ण आणि दुसरी मऊ, असं असेल तर लेन्स वाकडी बसलीय. भिंतीवर चार कोपऱ्यांना वर्तमानपत्राची चार पानं चिकटवा, कॅमेरा भिंतीला नेमका समोरासमोर ठेवा आणि फोटो काढा. कोपऱ्यांची तुलना मध्याशी करू नका, पूर्ण उघड्या पडदीला कडा थोड्या मऊच असतात. उजव्याची डाव्याशी, वरच्याची खालच्याशी तुलना करा.

वर-खाली फरक असेल तर चौकट लेन्सच्या वजनानं पुढे झुकलीय. अशा वेळी फोकसचं प्रतल वरून मागे आणि खालून पुढे कलतं: कपाळावरचं कुंकू मऊ आणि मंगळसूत्राच्या वाट्या स्वच्छ. लेन्सच्या नळीखाली, कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीवर, मापाचा लाकडी ठोकळा ठेवा. त्यावर चामड्याचा तुकडा चिकटवा म्हणजे घसरत नाही. या ठोकळ्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय या जोडीला दुसरा नाही. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासूनच हवा.

उजव्या-डाव्यात फरक असेल तर लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स जिच्यावर बसवलेली असते ती फळी, बघा. प्लायवूडचा असेल तर रत्नागिरी-मालवणच्या हवेत तो फुगतो, वाकतो. मुंबईतही. स्टीलच्या पट्टीनं चौकटीपासून कॅमेऱ्याच्या पेटीपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजा. फरक लेन्सबोर्डमध्येच असेल तर ॲल्युमिनियमचा बोर्ड लेथवाल्याकडून करून घ्या. भोकाचं माप स्वतः सांगू नका, लेन्सची मागची रिंग त्याच्या हातात द्या.

आणखी एक. ही लेन्स पाच बाय पाच इंच झाकण्यासाठी केलेली, त्या चौकोनाचा कर्ण १८० मिलिमीटर आणि चार बाय पाचचा १६३. म्हणजे वर-खाली सरकवायला जागा जवळजवळ नाहीच. फ्रंट स्टँडर्ड मधल्या खुणेवर आहे ना, ते दर वेळी बघा.

पडदी आणि पिवळी काच

एफ २.५ ला फोकस करून एफ ४ ला फोटो काढत असाल तर फोकस थोडा सरकतो. वेगवान लेन्सची ही जात आहे: काठाकडचे किरण आणि मधले किरण एकाच जागी मिळत नाहीत आणि पडदी मिटली की काठाकडचे गळतात. उपाय सोपा, ज्या पडदीला काढायचं त्याच पडदीला फोकस करा.

एअरो एक्टरच्या मागच्या भागातल्या काचेत थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. त्यामुळे ती वर्षानुवर्षांत चहासारखी पिवळी-तपकिरी होते आणि काचेवरचं चित्र अंधारं दिसू लागतं. मग फोकस चुकतो तो डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात काही दिवस-आठवडे ठेवली की रंग बराच उतरतो. उन्हात ठेवताना लेन्स सूर्याकडे कधीच सोडून जाऊ नका, तिच्याखाली लाकूड किंवा कापड असेल तर पेट घेईल. खाली ॲल्युमिनियमची फॉइल, आणि लेन्स तापतेय का यावर लक्ष. रंग उतरला म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही, तो तसाच राहतो. लेन्स लांब ठेवून वापरायला भीती नाही, पण मागची काच डोळ्याला लावून बघत बसू नका आणि उशाशी ठेवू नका.

रेंजफाइंडर सगळ्यात शेवटी

काच बरोबर असल्याची खात्री झाल्याशिवाय कालार्ट रेंजफाइंडरला, म्हणजे काचेवर न बघता फोकस जुळवायच्या बाजूच्या यंत्राला, हात लावू नका. तो काचेवर बघूनच जुळवायचा असतो. काच चुकीची असेल तर तुम्ही दोन चुका एकमेकींना बांधून ठेवाल. क्रम असा: काच, मग रुळावरचे अनंताचे थांबे (खूप लांबच्या वस्तूवर फोकस बसतो ती जागा पक्की करणारे), मग रेंजफाइंडरचा अनंत बिंदू, मग जवळचा. जवळचा जुळवला की अनंत थोडा बिघडतो, त्यामुळे तीन-चार फेऱ्या होतात. आतला अर्धपारदर्शक आरसा पुसू नका, एका पुसण्यात त्याचा मुलामा निघून येतो. तो गेलेला असेल तर काम दुरुस्तीवाल्याचं. ज्या नव्या मॉडेलांत रेंजफाइंडर वरच्या बाजूला आणि आत धातूचा कॅम (लेन्सप्रमाणे आकार दिलेली वक्र पट्टी) असतो, त्यांना या लेन्सचा कॅम मुद्दाम कापून घ्यावा लागतो, दुसऱ्या लेन्सच्या कॅमवर जुळवण्यात वेळ घालवू नका. आणि सगळं जुळलं तरी दोन मीटरच्या आत एफ २.५ ला मी रेंजफाइंडरवर विसंबत नाही.

इथे थांबा

वरचं सगळं झालं आणि तरीही एकही पेटी नीट येत नाही. मग लेन्सचे भाग कुणीतरी काढून चुकीचे बसवलेले असण्याची शक्यता आहे. पिवळेपणा घालवायला लोक मागचा गट उघडतात आणि एखादी काच उलटी किंवा मधली रिंग विसरून परत बसवतात. टॉर्च लावून आत बघा: बुरशीच्या जाळ्या, धुकं, किंवा चिकटवलेल्या काचांमध्ये इंद्रधनुष्यासारखे डाग दिसले तरी तुमचं काम फक्त बघण्याचं. भिंगाच्या तज्ज्ञाकडे द्या. ही काच घरी घासणं, पॉलिश करणं, कड कापणं अजिबात नको. थोरियमची धूळ श्वासात जाता कामा नये. लेन्स फुटलीच तर झाडू मारू नका. ओल्या कागदानं तुकडे टिपा, पिशवीत बंद करा, हात धुवा.

शटरचा पडदा फाटला असेल, त्यातून उजेड येत असेल किंवा तो मध्येच अडकत असेल तर स्प्रिंगचा ताण स्वतः वाढवू नका, ऐंशी वर्षांचं कापड एका झटक्यात जातं. पेटीची मागची चौकटच वाकलेली असेल, पॅनेल आणि होल्डर दोन्ही डोलत असतील, तर तेही घरचं काम नाही.

दुरुस्तीला पाठवताना नुसता कॅमेरा पाठवू नका. काचेचं पॅनेल, तुम्ही वापरता ते दोन होल्डर नंबरांसकट, लेन्स तिच्या बोर्डवर बसवलेली, आणि काडेपेट्यांच्या चाचणीच्या फिल्म. फिल्मच्या काठावर होल्डरचा नंबर, अंतर आणि कुठल्या पेटीवर फोकस केला होता ते लिहा. पॅकिंग घातलं असेल तर किती थर आणि कुठे, हे चिठ्ठीवर लिहून पॅनेललाच चिकटवा, नाहीतर दुरुस्तीवाला ते कचरा समजून काढून टाकेल.